सुट्या नाड्या

ताईने नानांच्या पायांत बूट चढवले, आतली जीभ नीट वर ओढली, दोन्ही नाड्या शेवटच्या भोकापर्यंत ओवल्या आणि टोकं तशीच फरशीवर लोळत सोडून ती उठली.

"वांदऱ्या आला का?" नानांनी विचारलं.

"निघालाय. वाटेत आहे."

"रोजचंच आहे त्याचं. स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा पोचला होता लेकाचा."

"येईल हो. बसा तुम्ही."

नाना बसले. खुर्ची दाराकडे तोंड करून मांडलेली, उजवा पाय जरा पुढे, दोन्ही पंजे गुडघ्यांवर. ताईने शेजारच्या स्टुलावर पाण्याची बाटली आणि झाकलेली ताटली ठेवली, दार नुसतं लोटून घेतलं आणि कामाची वाट धरली. कुलूप लावलं नाही.

आता कुणीही म्हणेल, ही काय मुलगी आहे का कोण? भ्रमिष्ट बापाला एकटं टाकून, दार उघडं ठेवून चालली! म्हणणाऱ्याचं काय जातं? कुलपाचे सगळे प्रयोग करून झाले होते. नानांचं डोकं विरत चाललं होतं. जेवलो की नाही ते आठवायचं नाही, बायको कधीच गेली हे आठवायचं नाही, पण सकाळ झाली की कामावर जायचं, हे मात्र पक्कं. उभा जन्म त्यांनी विजेच्या उंच टॉवरांवर काढला होता. तारा ओढणाऱ्या टोळीचे ते मुकादम. बाहेरून कुलूप लावलं, तर त्यांनी दारावर कपाळ आपटून आपटून फोडून घेतलं. बूट लपवले, तर सगळं घर उलटंपालटं केलं आणि शेवटी पोरासारखं भोकाड पसरलं. शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं, तर तिने चार दिवस माया दाखवली आणि पाचव्या दिवशी तिची कंबर धरली.

मग एका सकाळी ताई त्यांना बूट घालून देत असताना कामावरून तातडीचं बोलावणं आलं. ती तशीच पळाली. दार सताड उघडं राहिलंय हे तिला कामावर पोचल्यावर आठवलं. सुटी मिळेना. संध्याकाळी धापा टाकत घरी आली, तर दार उघडं होतं आणि नाना खुर्चीत होते. उजवा पाय पुढे. नाड्या सुट्या. वाट बघत.

तेव्हा तिला टोळीची रीत आठवली.

लहानपणी नानांचा डबा घेऊन टॉवरच्या पायथ्याशी तीच जायची. तिथे एक नियम होता, आणि तो नानांनीच घातलेला. वर चढणाऱ्याने आपली नाडी आपण बांधायची नाही. माणूस स्वतःची नाडी घाईघाईत बांधतो, दुसऱ्याची बांधताना डोळ्यांत तेल घालतो, असं नानांचं म्हणणं. टोळीतल्या एकाची सुटलेली नाडी वर बोल्टात अडकली होती आणि त्याला खाली गोळा करताना नाना तिथे होते. त्या दिवसापासून नियम म्हणजे नियम. चढणाऱ्याने सगळ्यात खालच्या पट्टीवर पाय ठेवायचा. जोडीदाराने गुडघे टेकून नाडी बांधायची. तोवर चढणाऱ्याने तोल जाऊ नये म्हणून जोडीदाराच्या डोक्यावर हात टेकवायचा. गाठ झाली की ते डोकं एकदा दाबायचं आणि चढायला लागायचं. बोलायचं काही नाही. नानांची नाडी बांधायचा तो वांदऱ्या. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवायला वेळ लागत असेल. वांदऱ्या मरून आता जमाना झाला होता.

पण नाना त्याची वाट बघायला तयार होते. कुणी नाडी बांधून दिल्याशिवाय ते खुर्ची सोडायचे नाहीत. नाडी सुटी, तर नाना घरात. इतकी सोपी गोष्ट.

सोपी होती, पण सांगण्यासारखी नव्हती. बापाला रोज सकाळी मेलेल्या माणसाच्या नावाने खोटं सांगायचं, कामावर निघालेल्या माणसासारखं नटवायचं आणि संध्याकाळपर्यंत झुलवत ठेवायचं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? तिला त्याची लाज वाटायची. म्हणून तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. धाकट्या भावालासुद्धा.

धाकटा दुसऱ्या गावी राहायचा. एका शीतगृहाच्या ऑफिसात होता. आठवड्यातून एकदा फोन करायचा आणि फोनवरून सेवा करायचा. नानांना फळं दे, नानांना फिरवून आण, नानांशी बोलत जा. फोनवरून काय, हत्तीलाही अंघोळ घालता येते. पण ताईला त्याचा राग यायचा नाही. नानांनी त्याला टोळीत घ्यायचं ठरवलं होतं आणि पोरगा सरळ म्हणाला होता, मला उंचीची भीती वाटते. नाना ओरडले नाहीत, हात उगारला नाही. नुसतं त्याच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका ताटाशेजारी ताट मांडून बोलणं टाकलं. पुढे तो घर सोडून गेला तेव्हाही ते दारापर्यंत आले नाहीत. आता तर नाना त्याला ओळखतही नव्हते. मागच्या खेपेला तो आला, तर त्याला त्यांनी विचारलं होतं, "मीटर बघायला आलात का?"

परवाच्या फोनवर त्याने विचारलं होतं, "नाना बाहेर पळतात का गं अजून?"

"नाही. शांत असतात. बसून असतात," ताईने सांगितलं होतं, आणि विषय बदलला होता.

ताई दवाखान्याच्या धुलाईघरात होती. तळघरात, वाफेत. धुतलेल्या चादरी गरम रुळांतून निघायच्या आणि दोघी बायकांनी दोन टोकं धरून घडी घालायची. त्या दिवशी तिच्यासमोर जी उभी होती ती सासूच्या कागाळ्या सांगत होती आणि ताई हसत होती. नंतर तिला ते हसणं पुन्हा पुन्हा आठवायचं.

धुलाईघराची मुख्य बाई जिन्यावरून खाली आली. एरवी ती वरूनच हाक मारायची.

"तुझा भाऊ आलाय वर," ती म्हणाली. "ते राहू दे हातातलं. दे इकडे."

धाकटा अपघात विभागाच्या बाहेर बाकावर बसला होता. पँटचे गुडघे मातीने भरलेले. त्याच्या पायाशी एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत नानांचे बूट. ताईला बघून तो उठला आणि परत बसला.

"गेले," तो म्हणाला. "इथे आणलं तेव्हाच गेलेले होते."

ताईला आत नेलं. तोंडापर्यंत चादर ओढलेली होती. कडेची शिवण उसवलेली, ताईच्या ओळखीची चादर. महिनोन्महिने ती शिवणखात्यात टाकायची राहत होती. तिने ती जरा खाली घेतली, बघितलं आणि परत होती तशी ओढली. कोपरे नीट केले. मग बाहेर येऊन भावाशेजारी बसली.

"तू कधी आलास?" तिने विचारलं.

"सकाळी. ऑफिसचं काम होतं इकडे, लवकर आटपलं. म्हटलं, न सांगता जावं, तू घरी येशील तेव्हा स्वयंपाक करून ठेवावा." तो थांबला. "दार नुसतं लोटलेलं होतं. नाना खुर्चीत. मला बघितलं आणि काय म्हणाले माहितीय? 'आलास?' म्हणाले. ताई, 'आलास?' म्हणाले मला. 'किती उशीर केलास रे.'"

ताईने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"एवढ्या वर्षांनी! म्हटलं, हो नाना, झाला उशीर. मग लक्ष गेलं, तर बुटाच्या नाड्या सुट्या. दोन्ही. खरं सांगतो, तुझा राग आला मला. म्हातारा माणूस, उठला आणि पाय अडकून पडला तर? मी खाली बसलो बांधायला, तर ते आपण होऊन उठले. दाराच्या पायरीवर पाय ठेवला, अगदी ऐटीत. मी बांधली, त्यांनीच शिकवली तशी. मग दुसरा पाय ठेवला."

ताई पिशवीत बघत होती. दवाखान्यातल्या लोकांनी बूट कडेने कात्रीने कापून काढले होते. गाठी तशाच होत्या. टोक नुसतं ओढलं असतं तरी सुटल्या असत्या, पण घाईत कोण बघतंय? चारचौघं नाडी बांधतात ती दिवसातून दोनदा सुटते, कारण खालची अढी, म्हणजे नाड्यांचा पहिला पीळ, आणि वरची अढी एकाच बाजूने घालतात. मग गाठीवरच्या फुलाचे दोन्ही कान टाच-बोटांच्या रेषेत उभे राहतात आणि चालता चालता गाठ ढिली होते. नानांची रीत वेगळी. वरची अढी उलट बाजूने, आणि कानाभोवती एकाऐवजी दोन वेढे. कान बुटावर आडवे, सपाट बसले पाहिजेत. ती निरगाठ नव्हे, सुरगाठच. ओढली की सुटणारी. पण ओढल्याशिवाय जन्मात न सुटणारी. दोघं शाळेत जायची तेव्हा नानांनी दोघांना ती शिकवली होती. धाकट्याला लवकर जमली होती, ताईला उशिरा.

कान आडवे, सपाट बसले होते.

"आणि मग," धाकटा म्हणाला, "मी खाली वाकलेलो असताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ताई, हात ठेवला त्यांनी. आणि बांधून झाल्यावर दाबला असा. आशीर्वाद देतात तसा. जन्मात कधी ठेवला नव्हता."

ताईने पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

"मी म्हटलं, थांबा, चहा टाकतो आपल्या दोघांना. आत गेलो. साखर सापडेना. बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. मी आधी गल्लीत शोधलं. मग लोक धावत होते बसडेपोच्या मागे, विजेचा टॉवर आहे तिकडे. तारेचं काटेरी कुंपण ओलांडून गेले ताई, या वयात. आणि चढत होते कसे! बघणारे म्हणत होते, हा कुणी तरणा माणूस आहे. मधल्या आडव्या पट्टीवर जाऊन उभे राहिले आणि खाली ओरडायला लागले. वांदऱ्या, दोर सोड. वांदऱ्या, दोर सोड. वांदऱ्या कोण गं?"

"होता टोळीत कुणीतरी," ताई म्हणाली.

"मी ओरडलो, नाना, खाली या. ऐकू जात नव्हतं त्यांना. मी पहिल्या पट्टीवर पाय ठेवला. दुसरा उचलला नाही ताई. उचललाच गेला नाही. बंबवाले येत होते. दोर का येत नाही म्हणून नाना बघायला वाकले..."

तो गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. समोरून एक बाई पोराला कडेवर घेऊन गेली, वळून वळून बघत. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तू चढला असतास तर दोघंही गेला असता."

"त्यांनी मला ओळखलं ना गं? ओळखल्याशिवाय कोण डोक्यावर हात ठेवतं?"

"नाही ठेवत," ताई म्हणाली. "ओळखलंच असणार."

त्याने बाहीने नाक पुसलं. मग तिच्याकडे न बघता त्याने जे विचारलं, ते तो विचारणार हे ताईला केव्हाच कळलं होतं.

"पण तू नाड्या सुट्या का सोडल्या होत्यास?"

उत्तर अगदी जिभेच्या टोकावर होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. ते सांगितलं असतं, तर ती निष्काळजी ठरली नसती, उलट शहाणी ठरली असती. पण मग 'आलास' कुणाला म्हटलं, 'उशीर केलास' कुणाला म्हटलं, हात कुणाच्या डोक्यावर ठेवला आणि गाठ कुणी बांधली, हे सगळं त्या एका वाक्याच्या मागोमाग आलंच असतं. ताईने भावाच्या तोंडाकडे बघितलं. डोळे सुजलेले, पण त्यातही कुठेतरी एक समाधान होतं, लहान मुलाने मुठीत काहीतरी घट्ट धरून ठेवावं तसं.

"घाईत होते रे," ती म्हणाली. "राहून गेल्या."

"एवढी कसली घाई गं ताई?"

ताईने पिशवीच्या तोंडाला गाठ मारली.

नंतरचे दिवस माणसं येत-जात राहिली. आत्या आली ती मुक्कामालाच आली. नानांची धाकटी बहीण. जीभ अशी, की सुरीने तिच्याकडे धार लावायला यावं.

"दार उघडं टाकून गेली म्हणे," ती आल्यागेल्याला सांगायची, ताईला ऐकू जाईल इतक्या हळू. "नाड्यासुद्धा बांधल्या नव्हत्या बापाच्या. बापाच्या नाड्या बांधायला किती वेळ लागतो गं बाई? आम्ही नाही का केलं आमच्या सासऱ्यांचं? अंथरुणात होते, तरी पायात मोजे घालायचे मी."

"आत्या, पुरे," धाकटा मध्ये पडायचा. "एकटीने केलं तिने सगळं. तू आलीस का कधी बघायला? होते चूक माणसाकडून. आणि नाडीने काही झालेलं नाही. नाड्या मी पक्क्या बांधल्या होत्या. शेवटपर्यंत सुटल्या नाहीत."

"तू आलास म्हणून बांधल्या गेल्या तरी, बाबा. शेवटच्या दिवशी लेकाच्या हातची सेवा घडली. नशीब लागतं. हात ठेवला ना रे डोक्यावर?"

"ठेवला," धाकटा म्हणायचा, आणि परत सगळं सांगायचा. प्रत्येक खेपेला थोडं जास्त नीट सांगायचा. ताई आत भांडी घासत ऐकायची. एकदा तिच्या हातून पातेलं निसटलं, तर आत्या म्हणाली, "आता आपटून काय उपयोग!"

आपणच त्या फोनवर त्याला सांगितलं असतं तर? 'नाड्यांना हात लावू नकोस' एवढं म्हटलं असतं तर? भांडी संपेपर्यंत हाच हिशेब तिच्या डोक्यात चालायचा आणि भांडी संपली तरी सुटायचा नाही. दोष तिचा होताच की. आत्याला फक्त तो भलत्या जागी दिसत होता. हे एका परीने बरंच होतं.

धाकट्याला परत जायचं होतं त्या सकाळी ताईने त्याला बरोबर डबा दिला. आत्या अजून झोपलेली होती. नानांची खुर्ची कुणीतरी भिंतीकडे सरकवून तिच्यावर घड्या घातलेल्या सतरंज्या ठेवल्या होत्या.

"मला तुझ्यावर राग नाही हं ताई," दारात तो म्हणाला. बोलायचं ठरवून आल्यासारखा. "मनात ठेवू नकोस. मी कुणाला काही म्हणू देणार नाही. आणि एका अर्थी बरंच झालं बघ. तू नाड्या बांधून गेली असतीस, तर मला बांधायला मिळाल्याच नसत्या. त्यांनी हात ठेवलाच नसता."

"हो रे," ताई म्हणाली. "जप स्वतःला. पोचल्यावर फोन कर."

तो पायरीकडे वळला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. ताईचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं.

"थांब. नाडी सुटलीय."

"असू दे. बांधतो बसमध्ये."

"असू दे काय? पडशील. ठेव पाय."

त्याने पाय पायरीवर ठेवला. ताईने गुडघे टेकले. खालची अढी घातली, ओढली. वरची उलट बाजूने. एक वेढा, दुसरा वेढा. त्याने बॅग खाली ठेवली, जरा डगमगला, आणि त्याचा मोकळा हात आपसूक खाली येऊन तिच्या डोक्यावर टेकला.

ताईचे हात जागच्या जागी थांबले. वर बघायचं नाही, एवढं एकच तिला सुचलं.

हात तसाच होता. आधी हलका होता. मग जड झाला. मग तव्याचा चटका बसावा तसा एकदम उचलला गेला.

मग धाकट्याने विचारलं.

"ताई, टोळीत वांदऱ्या काय करायचा?"

ताईने दोन्ही कान ओढून गाठ आवळली. कान बुटावर आडवे, सपाट बसले. तिने ते उगाचच परत एकदा बोटांनी सारखे केले.

"ऊठ, चल," ती खाली बघूनच म्हणाली, आणि तो तर उभाच होता. "बस चुकेल तुझी."

पण पायरीवरचा पाय त्याने काढला नाही.